टेस्ट ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या नवरे मंडळींना खुलं पत्र

नवरे मंडळींनो, नमस्कार.

मी सीमेन टेस्ट, म्हणजे वीर्याची तपासणी, करणाऱ्या लॅबमधे काम करतो. म्हणजे तुम्ही जी छोटी डबी रुमालात गुंडाळून, कोणाच्या नजरेला नजर न देता काउंटरवर ठेवता ना, ती पुढे ज्याच्या टेबलावर येते तो मी. मायक्रोस्कोपखाली स्पर्म, म्हणजे शुक्राणू, मोजायचे, किती पुढे पळतायत, किती जागच्या जागी वळवळतायत, किती पडूनच आहेत ते बघायचं, आकार बघायचा आणि रिपोर्ट बनवायचा, हे रोजचं काम. डॉक्टर नाही मी, त्यामुळे कोणी काय औषध घ्यावं हे सांगणार नाही. पण माझ्या टेबलावरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते आणि ती तुमच्यापर्यंत कोणी नीट पोचवत नाही म्हणून लिहितोय. तुम्ही फार उशिरा येता.

फॉर्मवर एक रकाना असतो, किती काळ प्रयत्न चालू आहेत. तिथे लोक तीन वर्षं, चार वर्षं, कधी सहा वर्षं लिहितात. सोबत बायकोची फाइल असते, जाडजूड. त्यात थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशा हार्मोनच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफीचे ढीगभर कागद, गर्भाशयाच्या ट्यूब उघड्या आहेत का बघायची एचएसजी, जी बऱ्याच बायकांना चांगलीच दुखते, काहींची तर लॅप्रोस्कोपीसुद्धा, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी, झालेली, अंडं तयार व्हायच्या गोळ्यांचे कोर्सवर कोर्स झालेले. आणि नवऱ्याची पहिली टेस्ट कधी? तर आज. सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही, अख्ख्या तपासणीतली सगळ्यात सोपी टेस्ट हीच आणि तीच शेवटी. मला कळत नाही हे कुठलं गणित आहे.

पहिलं म्हणजे हे डोक्यातून काढा की मूल न होणं हा बायकांचा प्रॉब्लेम असतो. ढोबळमानाने निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडची काही ना काही अडचण सापडते, त्यातल्या बऱ्याच जणांत दोघांचंही थोडं थोडं असतं आणि साधारण पाचातल्या एका जोडप्यात तर फक्त नवऱ्याचंच असतं. म्हणजे त्या पाचातल्या एका जोडप्यात बायकोने घेतलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक उपास, सगळं चुकीच्या माणसावर चाललेलं असतं. आणि तुम्ही काही एकटे नाही, २०२३ च्या डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) अहवालात आहे की जगात साधारण दर सहा माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. तुमच्या ऑफिसमधे, तुमच्या मित्रांच्या ग्रुपमधे असे लोक आहेतच, फक्त बोलत कोणी नाही.

आता ‘माझं सगळं नॉर्मल आहे हो, मला काय धाड भरलीय’ हे वाक्य. हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय. भाऊ, तुमचं सगळं नॉर्मल असेल, संबंध व्यवस्थित होत असतील, तब्येत खणखणीत असेल, वजन उचलत असाल, तरी काउंट, म्हणजे स्पर्मचा आकडा, शून्य असू शकतो. कारण बाहेर जे येतं त्यात स्पर्मचा वाटा अगदी थोडा असतो, शंभर भागांतले जेमतेम दोन ते पाच, बाकी सगळा द्रव प्रोस्टेट आणि दुसऱ्या ग्रंथींचा. म्हणून तर नसबंदी केलेल्या माणसालाही दिसण्यात काहीच फरक जाणवत नाही. नुसतं बघून मला कळत नाही, रोज बघणाऱ्याला, तर तुम्हाला कुठून कळणार. १६७७ साली लेव्हेनहूक नावाच्या डच माणसाने पहिल्यांदा भिंगाखाली हे जीव वळवळताना बघितले, त्याच्या आधी कोणाला पत्ताच नव्हता. आज साडेतीनशे वर्षं होत आली तरी काही लोक अजून अंदाजानेच चालवतायत.

‘आम्हाला आधीचं एक आहे ना’ हेही ऐकतो. पहिलं मूल सहज झालं म्हणून दुसरं होईलच असं नाही. मधल्या चार-पाच वर्षांत वय वाढलं, वजन वाढलं, काही औषधं सुरू झाली, एखादं इन्फेक्शन झालं, शुगर निघाली. पहिल्या वेळचा रिपोर्ट, खरं तर बहुतेकांनी तेव्हा काढलेलाच नसतो, आज चालत नाही.

मग जायचं कधी? इथे लोकांचे दोन टोकांचे प्रकार असतात, एक तिसऱ्या महिन्यातच घाबरून येणारे आणि दुसरे दहा वर्षं ‘होईल होईल’ करत बसणारे. तर सरळ हिशोब सांगतो. तरुण, निरोगी जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. म्हणजे सगळं उत्तम असूनही चारातले तीन महिने हुकणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. असं करत करत वर्षभरात शंभरातल्या साधारण ८५ जोडप्यांना दिवस जातात आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांना त्याच्या पुढच्या वर्षात. म्हणून बायको ३५ च्या आतली असेल तर एक वर्ष नियमित संबंध ठेवून बघा आणि मग जा. ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिने, बास. ४० च्या पुढे असेल तर थांबायचंच नाही, ठरवलं त्याच महिन्यात जायचं. इथे जायचं म्हणजे दोघांनी जायचं.

हा वयाचा फरक का, ते तुम्हाला माहीत असायला हवं. आपल्याकडे स्पर्म रोज नव्याने बनत राहतात. बायकांचं तसं नसतं, जन्माला येतानाच जेवढी अंडी असतात तेवढीच, दहा-वीस लाख, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि तिथून पुढे कमीच होत जातात, नवीन बनत नाहीत. पस्तिशीनंतर नुसती संख्या नाही, अंड्यांचा दर्जाही भराभर उतरतो, आपोआप गर्भपात होण्याचं प्रमाण वाढतं. आता जरा विचार करा, तुम्ही दोन वर्षं टेस्ट टाळलीत, ते नुकसान कोणाच्या खात्यातून गेलं? तुमच्या नाही. तिच्या. ती ३४ ची होती ती ३६ ची झाली, आणि ते परत आणायचं औषध कोणाकडे नाही, आयव्हीएफमधेसुद्धा (टेस्ट ट्यूब बेबीमधे) नाही, तिथेही वय वाढलं की यश कमीच होतं. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, टेस्ट न करणाऱ्याचं बिघडत काहीच नाही, बिघडतं ते दुसऱ्याचं. (आणि हो, पुरुषांचंही वय लागतं बरं का, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर हळूहळू फरक पडतो, फक्त बायकांइतका झपाट्याने नाही.)

काही गोष्टी असतील तर वर्षभर थांबायचाच प्रश्न नाही. तिच्याकडून म्हणाल तर पाळी फार अनियमित, म्हणजे २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पलीकडे, किंवा येतच नाही, पाळीत लोळवणारं दुखणं, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), ओटीपोटाचं इन्फेक्शन होऊन गेलेलं, आधी ट्यूबमधे गर्भ राहिलेला, दोन किंवा जास्त गर्भपात. हे तिची गायनॅक बघेलच. पण तुमच्या बाजूची यादी कोणी विचारत नाही म्हणून ती मी विचारतो. लहानपणी एखादा अंडकोष खाली उतरला नव्हता का, त्याचं ऑपरेशन झालंय का? हर्नियाचं? मोठेपणी गालगुंड झाला आणि त्यात अंडकोष सुजले होते का? तिथे जोरात मार लागलाय? कॅन्सरसाठी केमो किंवा रेडिएशन? संबंधात ताठरता येत नाही, किंवा शेवट होतच नाही, किंवा झाला तरी बाहेर जवळजवळ काहीच येत नाही? (बऱ्याच वर्षांच्या डायबेटिसमधे असं होतं, सगळं उलटं मूत्राशयात जातं.) यातलं एक जरी असेल तर पहिल्याच महिन्यात टेस्ट करून टाका. आणि केमो अजून व्हायची असेल तर त्याच्या आधी स्पर्म फ्रीझ करून ठेवता येतात, हे कॅन्सरच्या गडबडीत सांगायचं राहून जातं, तुम्ही स्वतःहून विचारा.

आता टेस्ट कशी होते, कारण अर्धी भीती त्याचीच असते. शेवटच्या वेळेनंतर (संबंध असो की हस्तमैथुन) कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर ठेवून यायचं. ‘भरपूर साठू दे’ म्हणून पंधरा-वीस दिवस थांबून येणारे महाभाग असतात, त्याने आकडा थोडा फुगतो पण जुने मेलेले मंदावलेले स्पर्मच जास्त येतात आणि रिपोर्ट उगाच खराब दिसतो. लॅबमधे एक खोली देतात, आतून कडी लागते, बाहेर कोणी घड्याळ लावून बसलेलं नसतं. हस्तमैथुन करून सँपल थेट डबीत घ्यायचं. तेल, क्रीम, साबण, थुंकी काही लावायचं नाही, स्पर्मला ते चालत नाही. साधा कंडोम वापरून त्यातलं ओतून आणू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला भाग सांडला तर खरं सांगा! सगळ्यात जास्त स्पर्म त्या पहिल्या भागातच असतात, तो गेला आणि तुम्ही गप्प बसलात तर मी प्रामाणिकपणे मोजून तुम्हाला चुकीचा रिपोर्ट देणार. सांडलं तर सांडलं, परत या, आम्हाला रोजचंच आहे.

लॅबमधे जमतच नाही असे पुष्कळ असतात, त्यात लाज वाटायचं काहीएक कारण नाही, अनोळखी जागेत टेन्शनमधे कोणालाही जमणार नाही. लॅबला आधी विचारा, घरी घेऊन आणता येतं, फक्त अर्ध्या तासात पोचलं तर उत्तम, तासाच्या पुढे नको, आणि आणताना डबी खिशात अंगाजवळ ठेवा, एसीच्या समोर किंवा बर्फात नाही. हो, बर्फात आणणारेही येतात. काही लॅबमधे या टेस्टसाठी वेगळा कंडोम मिळतो ज्यात स्पर्म मारणारं केमिकल नसतं, तोही पर्याय आहे.

रिपोर्ट हातात आला की लोक आधी नेटवर शोधतात आणि मग रात्रभर झोपत नाहीत, म्हणून आकड्यांचं थोडं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे खालची मर्यादा अशी धरतात: एकूण द्रव १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख स्पर्म, एकूण मिळून ३ कोटी ९० लाख, एकूणातले हलणारे ४२ टक्के, एकूणातलेच पुढे जाणारे ३० टक्के आणि नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हा शेवटचा ४ वाचून लोकांचा चेहरा पडतो, ‘म्हणजे ९६ टक्के खराब?’ अहो सगळ्यांचेच असतात, चार टक्के हे पासच आहे. आणि हे आकडे आले कुठून, तर ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे सँपल मोजून, त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेघ मारली. म्हणजे या रेघेच्या खाली असूनही बाप झालेली माणसं त्याच मोजणीत आहेत. रेघेखाली म्हणजे अशक्य नाही, आणि रेघेवर म्हणजे गॅरंटी नाही.

एका रिपोर्टवर कधीच निकाल लावू नका. तोच माणूस, तीच लॅब, महिनाभराने वेगळा आकडा येतो, कधी दुप्पट कधी निम्मा. त्यामुळे पहिला खराब आला तर परत करायचा, आणि तो बघायला युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे (पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरकडे) जायचं, एवढंच. मेडिकलवाल्याकडे नाही, जिममधल्या मित्राकडे नाही.

जिमचं निघालंच आहे तर बोलतो, कारण हल्ली तिशीच्या आतल्या तगड्या पोरांचे शून्य रिपोर्ट बघून पोटात गोळा येतो. बॉडीसाठी, नाहीतर ‘जोर वाटावा’ म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, स्टेरॉइड घेतात. लोकांना वाटतं की हे पुरुषाचं हार्मोन आहे म्हणजे घेतलं की स्पर्म वाढणार. होतं बरोबर उलटं! बाहेरून आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, तो अंडकोषांना काम करायचा निरोपच पाठवायचं बंद करतो, आणि आतली फॅक्टरी बंद पडते. इतकी बंद पडते की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याच हार्मोनवर अभ्यास झालेत. बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्या वर, आणि मूल हवं असताना एक वर्ष म्हणजे किती ते वर लिहिलंच आहे. पावडरच्या डब्यात काय मिसळलंय तेही माहीत नसतं. डॉक्टरने दिलेलं असेल तरी त्यांना सांगा की आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय, कधीकधी त्यांना ते माहीतच नसतं. इतरही काही औषधं त्रास देतात, केस गळतीची फिनास्टेराइड काहींना, आतड्यांच्या सूजेवरची सल्फासॅलाझिन, पण मनाने बंद करू नका, विचारून बदला.

स्पर्म तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, नंतर नळीतून बाहेर यायला अजून आठवडा-दोन. म्हणजे आजचं सँपल हे तीन महिन्यांपूर्वीच्या तुमचं आहे. दीड महिन्यापूर्वी डेंग्यू नाहीतर कसलाही कडक ताप येऊन गेला असेल तर आजचा काउंट पडलेला दिसू शकतो, आणि तो आपोआप सुधारतोही. याच कारणाने आज सिगारेट सोडली आणि पुढच्या सोमवारी टेस्ट केली तर काही दिसणार नाही. अंडकोष शरीराच्या बाहेर लटकतात ते उगाच नाही, त्यांना दोन-तीन डिग्री थंड लागतं, त्यामुळे मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप, गरम पाण्याच्या टबात बसणं, भट्टीजवळचं काम, हे बघा जरा. सिगारेट, तंबाखू, दारू, वजन, सगळ्याचा परिणाम होतो, तुम्हाला माहीत आहे, लांबण लावत नाही.

आणि काउंट वाढवणारे जे डबे जाहिरातीत दिसतात, त्यांच्याबद्दल माझं मत विचाराल तर पैसे ठेवा. झिंक आणि फॉलिक अॅसिड तर इतकी वर्षं खपतंय, त्यावर अमेरिकेत तब्बल २३७० जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला, अर्ध्या पुरुषांना औषध अर्ध्यांना खोटी गोळी. ना स्पर्म सुधारले ना जास्त मुलं झाली, उलट औषधवाल्यांची पोटं जास्त बिघडली. (बायकोला मात्र फॉलिक अॅसिड हवंच, दिवस जायच्या आधीपासून, ते बाळाच्या मणक्यासाठी, तो विषय वेगळा.)

शून्य आला तर? शंभर पुरुषांत साधारण एकाचा येतो. पहिल्यांदा सांगतो, शून्य म्हणजे संपलं असं नाही. कधी स्पर्म आत व्यवस्थित बनतायत पण वाट बंद आहे, जुन्या इन्फेक्शनने किंवा ऑपरेशनने, किंवा जन्मतःच ती नळी नसते. कधी मेंदूकडून हार्मोनचा निरोप येत नाही, तेव्हा इंजेक्शनांनी स्पर्म सुरू होऊ शकतात. कधी गुणसूत्रांतच फरक असतो, साधारण सहाशे-सातशे पुरुषांत एकाला एक एक्स जास्त असतो आणि तिशीपर्यंत त्याला कसलाही पत्ता नसतो. बनणंच कमी असेल तर अंडकोषातून सुईने किंवा मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करून शोधतात, आणि सापडलेला एकेक स्पर्म एकेका अंड्यात टोचतात, त्याला इक्सी म्हणतात, १९९२ मधे त्याची पहिली यशस्वी बातमी आली. त्याच्याआधी अशा पुरुषांना स्वतःचं मूल म्हणजे जवळजवळ अशक्यच होतं. काहींना मात्र एवढं करूनही मिळत नाहीत, ते लपवत नाही, मग डोनर आहे, दत्तक आहे, मुलाशिवाय राहणंही आहे, पण तो निर्णय तेव्हा घ्यायचा जेव्हा कारण माहीत असेल.

व्हेरिकोसील हा शब्दही कानावर येईल. अंडकोषावरच्या शिरा फुगतात, बहुधा डाव्या बाजूला. हे शंभरातल्या पंधरा पुरुषांत असतंच आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं आरामात होतात. पण मूल होत नाही म्हणून आलेल्यांत ते जवळजवळ चाळीस टक्क्यांत सापडतं. हाताला लागण्याइतकं मोठं असेल आणि रिपोर्टही खराब असेल तर ऑपरेशनचा विचार करतात. फक्त सोनोग्राफीत बारीकसं दिसलं म्हणून कोणी टेबलावर घेत असेल तर दुसरं मत घ्या. आणि एक, सीमेन खराब असणाऱ्यांत अंडकोषाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त असतं, तेव्हा डॉक्टरने कागद बघून औषध लिहिलं पण तपासलं नाही तर म्हणा की तपासा. पँट काढायची लाज एक मिनिटाची असते.

नॉर्मल आला की काही जण काउंटरवरच बायकोला फोन लावतात, ‘बघ, माझं सगळं ओके आहे, तुझंच काहीतरी आहे’. मी हे कानांनी ऐकलंय आणि बाजूला बसून ऐकायला फार घाण वाटतं. पहिली गोष्ट, वर म्हटलं तसं, नॉर्मल आकडा म्हणजे सर्टिफिकेट नाही. दुसरी, कितीतरी जोडप्यांत दोघांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरी होत नाही, त्याला कारण न सापडलेलं म्हणतात आणि त्यावरही उपचार असतात. तिचं काही निघालं तरी तिने ते बाजारातून आणलेलं नाही.

जमलं तर अजून एक करा. प्रयत्न म्हणजे काय हे दोघांनी एकदा नीट समजून घ्या. अंडं बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकतं, स्पर्म मात्र आत पाच दिवसांपर्यंत राहतात, म्हणून अंडं सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस असे सहा दिवस कामाचे. ते अंडं पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी नाही, पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर गणित पार बदलतं. मोबाइलचं अॅप म्हणतंय म्हणून त्या एकाच रात्री हुकूम सोडल्यासारखं करायचं आणि मग टेन्शनमधे जमलं नाही म्हणून भांडायचं, हे कित्येक घरांत चालू आहे. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी ठेवलंत तर कॅलेंडर बघायची गरजच नाही. नोकरीमुळे दोघं वेगळ्या गावात असाल आणि महिन्यातून दोन दिवस भेटत असाल तर तुमचं ‘एक वर्ष’ हे एक वर्ष नाहीच, हे डॉक्टरला आधी सांगा म्हणजे नको ती औषधं सुरू होणार नाहीत.

डॉक्टर लोकांचंही एक वाक्यात, काही ठिकाणी नवऱ्याचा रिपोर्ट न बघताच बायकोला गोळ्या सुरू होतात. तिथे तुम्ही स्वतः म्हणायचं, ‘डॉक्टर, माझी टेस्ट लिहून द्या.’ तुम्ही म्हणालात तर कोणी नाही म्हणणार नाही. तीच गोष्ट बायको म्हणाली तर तिला घरी गेल्यावर काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि घरी कोणी तिला टोचून बोलत असेल तर ‘तपासण्या दोघांच्या चालू आहेत’ हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. रिपोर्ट कोणाला दाखवायची गरज नाही, कोणाचं काय निघालं हे सांगायचीही नाही.

येताना एका कागदावर लिहून आणा: शेवटची वेळ कधी, गेल्या तीन महिन्यांत ताप आला का, कुठली औषधं, इंजेक्शनं, जिमची पावडर, लहानपणीची ऑपरेशनं, आधीचे रिपोर्ट असतील तर ते. सँपल लवकर पोचेल अशी सकाळची वेळ घ्या, कारण ते घट्ट असतं ते पातळ व्हायला अर्धा तास द्यावा लागतो आणि मग मोजणी सुरू होते. फॉर्मवर नाव तुमचं घाला, लोक बायकोचं घालतात आणि मग रिपोर्ट शोधत बसावं लागतं.

तुमचा,
मायक्रोस्कोपच्या या बाजूचा एक जण